दोऱ्यांच्या आवाराचा आकार

महापालिकेच्या आमच्या नकाशाघरात रेघताई आल्या तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि मी पंचवीसचा. नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पट्टी न लावता, नुसत्या हातानं, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढून दाखवली होती. पैज लागली होती चहाची. तेव्हाच्या मुख्य आरेखकांनी पट्टी ठेवून ती रेघ तपासली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून तपासली आणि म्हणाले, "ही पोरगी आपल्या सगळ्यांच्या पट्ट्या विकायला लावणार." तेव्हापासून त्या रेघताई.

त्या नकाशे काढायच्या, मी तपासायचो. शहराच्या प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात, 'रेखाटले' आणि 'तपासले'. पहिल्या चौकटीत त्यांची सही आणि दुसरीत माझी, असे किती कागद गेले असतील, मोजदाद नाही. मला त्या 'तपासनीस' म्हणायच्या. मी चूक काढली की, "तपासनीस, आज घरून भांडून आलात वाटतं," एवढंच बोलून खोडरबर उचलायच्या. पुढे संगणक आले, टेबलं लहान झाली, खोडरबर गेले. रेघताईंचा स्वभाव तेवढा तसाच राहिला.

लग्न केलं नाही त्यांनी. शहराच्या अगदी शेवटाला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. कामावर यायला दोन बस आणि मध्ये दहा मिनिटांची चाल, असा दीड तास. बसमध्ये बसायला मिळालं तर तो दिवस चांगला. पन्नाशी जवळ आली तशा पायांच्या शिरा फुगून निळ्या झाल्या. टेबलाखाली एक लाकडी खोकं ठेवलं होतं, त्यावर पाय टेकवून बसायच्या. मेट्रो येणार असं पहिल्यांदा छापून आलं तेव्हा त्यांनी ती बातमी कापून खणात ठेवली होती. मी थट्टा केली, "रेघताई, मेट्रो येईपर्यंत आपण दोघंही पेन्शनीत." त्या म्हणाल्या, "येईल हो. नकाशा मीच काढणार तिचा."

त्यांच्या रक्ताच्या माणसांत एकच माणूस, मोठा भाऊ. अकरा वर्षांनी मोठा. आई त्यांच्या लहानपणीच गेली, वडील पाठोपाठ दोन वर्षांत. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि वडिलांची लाँड्री त्यांच्या गळ्यात पडली. लाँड्री म्हणजे पत्र्याची एक शेड, त्यात भट्टी आणि इस्त्रीचं लांब टेबल, आणि शेडच्या मागं भलंमोठं आवार. वडिलांनी ती जागा घेतली तेव्हा तिथं डबकं होतं. कुणी फुकट घेत नव्हतं. त्यांनी गाडीगाडीनं खडी आणून ते बुजवलं, कारण धुलाईच्या धंद्याला पाण्याइतकीच मोकळी हवा लागते. त्या आवारात खांब रोवून अकरा दोऱ्या बांधलेल्या. वस्तीतले लोक त्याला दोऱ्यांचं आवार म्हणायचे. पत्ता विचारला तर हात करून सांगायचे, "दोऱ्यांच्या आवाराच्या पलीकडे वळा."

दादांकडे इस्पितळाच्या चादरी यायच्या, दोन खानावळींचे टेबलक्लॉथ यायचे, आणि आसपासच्या घरांचे कपडे. चार बायका कामाला होत्या, त्यातल्या दोघी वडिलांच्या वेळेपासूनच्या. दादांना वाऱ्याचं वेड होतं. सकाळी दारात उभं राहून बोट ओलं करून धरायचे आणि कुठली दोरी आधी भरायची ते ठरवायचे. रेघताईंचं आरेखनाचं शिक्षण याच चादरींवर झालं. शेवटच्या वर्षाची फी भरायला दादांनी स्वतःची सायकल विकली होती. ते विचारलं की म्हणायचे, "सायकलला तसाही ब्रेक नव्हता."

आता साहेबांबद्दल. मेट्रोचं काम सुरू झालं त्या वर्षी आमच्याकडे नवे साहेब आले. तरुण, सडपातळ, कुणाच्या टेबलावर टेकून न बोलणारे. त्यांनी आम्हा सगळ्यांना नकाशाघरात बोलावलं आणि समजावून सांगितलं.

"मेट्रोला पैसा लागतो आणि तो तीनच ठिकाणांहून येऊ शकतो," ते म्हणाले. "तिकिटातून घेतला तर जो रोज प्रवास करतो त्याच्याच खिशातून जातो. सगळ्यांच्या करातून घेतला तर जिथं मेट्रो कधी जाणार नाही त्या वस्तीनंही तो भरायचा. तिसरी गोष्ट जमीन. स्टेशन आलं की शेजारच्या जमिनीचा भाव दुप्पट होतो. मालकानं त्यासाठी काय केलं? काही नाही. मग त्या वाढीतला थोडा वाटा शहरानं मागितला तर बिघडलं कुठं?"

रेघताई लगेच म्हणाल्या, "बिघडलं नाही साहेब. मी दोन बस बदलून येते. तिकीट तेवढं वाढवू नका."

साहेब हसले. "त्यासाठीच तर आहे हे."

या वसुलीचं नाव 'सुधार आकार'. स्टेशनच्या दारापासून पाचशे मीटरच्या आतल्या प्रत्येक जमिनीवर तो बसणार होता. कायदा वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ही हकीकत ऐकून लोक आधी साहेबांना शिव्या देतात आणि मग कायद्याला. जो स्वतःच्या घरात राहतो त्याला घर विकेपर्यंत काही भरावं लागणार नव्हतं. दुकानं, कारखाने अशा बांधीव जागांना मध्यम दर आणि दहा वर्षांचे हप्ते. सगळ्यांत चढा दर होता मोकळ्या जागेला. त्यालाही कारण होतं. स्टेशनजवळच्या जागा अडवून, भाव चढेपर्यंत गवत वाढवत बसणारे लोक असतात. त्यांनी बांधावं नाहीतर विकावं, म्हणून तो दर.

आणखी एक अट होती. नियम जाहीर होण्याच्या तारखेला जी जागा जशी असेल तशी धरायची, नंतर केलेलं बांधकाम धरायचं नाही. आधी एकदा रस्ता रुंद करताना बातमी फुटली होती आणि आठवड्याभरात शेकडो खोट्या शेड उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळे या वेळी साहेबांनी आमच्या प्रत्येकाकडून लिहून घेतलं की तारीख आणि हद्द जाहीर होईपर्यंत घरीसुद्धा बोलणार नाही. आम्ही सह्या केल्या. त्यात विशेष काही वाटलं नाही. स्टेशन तेव्हा बाजार चौकात ठरलं होतं. दोऱ्यांचं आवार तिथून पुष्कळ लांब.

मग खणताना बाजार चौकाखाली पाण्याची जुनी मोठी वाहिनी निघाली. ती हलवायची तर अर्धं शहर महिनाभर कोरडं राहिलं असतं. स्टेशन साडेतीनशे मीटर उत्तरेला सरकलं. नवा बिंदू आमच्याकडे आला तेव्हा रेघताईंनी जुन्या सवयीनं कागदी नकाशा पसरला आणि संगणकावर करण्याआधी परकारानं वर्तुळ काढलं. मी शेजारीच होतो. परकार पूर्ण फिरला. त्यांनी तो उचलला नाही, टोक टेकवून तशाच बसून राहिल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"दादाची जागा आत आली," त्या म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. काठावर वगैरे नव्हती. चांगली आत होती. जाहीर व्हायला तेव्हा पाच आठवडे बाकी होते.

त्या रविवारी त्या दादांकडे गेल्या. काय झालं ते त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. जाताना त्यांनी ठरवलं होतं की सांगायचं. बसमध्ये वाक्यही जुळवलं होतं. पोचल्या तेव्हा वाळलेल्या चादरी उतरवायचं काम चाललं होतं आणि लहानपणापासूनच्या सवयीनं त्या हात लावायला गेल्या. एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला त्या. चादर ताणायची, झटकायची, मध्ये चालत येऊन टोकं जुळवायची.

दादा बोलता बोलता म्हणाले, "बारके, एक विचारायचं होतं. मागच्या अर्ध्या भागावर पत्रे टाकू म्हणतोय. पावसाळ्यात फार हाल होतात, चादरी वाळतच नाहीत. पत्रेवाला मापं घेऊन गेलाय, पुढच्या आठवड्यात येतो म्हणतो. पण बॉयलरही गळतोय. दोन्ही एकदम झेपायचं नाही मला. तू शिकलेली आहेस, तू सांग. आधी पत्रे की आधी बॉयलर?"

पत्रे पडले असते तर अर्धं आवार छताखाली आलं असतं, बांधीव जागेत मोजलं गेलं असतं. 'पत्रे' एवढा एकच शब्द बोलायचा होता. कारणसुद्धा सांगावं लागलं नसतं. रेघताई मला म्हणाल्या, "तपासनीस, माझ्या हातात चादरीची दोन टोकं होती आणि डोळ्यांपुढे मी केलेली सही. मनात आलं, मी दादाला सांगणार, तर मग पलीकडच्या गल्लीतल्या सुताराला कोण सांगणार? त्याची बहीण नकाशाघरात नाही म्हणून त्यानं भरायचं? असं वाटलं खरं. आणि खोटं कशाला बोलू, नोकरीचीही भीती वाटली."

त्या दादांना म्हणाल्या, "तुझं तू बघ दादा. मला त्यातलं काय कळतंय?"

"मग बॉयलर," दादा म्हणाले. "भट्टीपाशी बायका भाजतात, ते आधी."

सोमवारी सकाळी रेघताई साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की या वर्तुळात माझ्या सख्ख्या भावाची जागा आहे, तो भाग माझ्याकडून काढून घ्या. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. "असं येऊन सांगणारी माणसं किती असतात?" असं म्हणाले. तो भाग माझ्याकडे आला. नकाशात बांधकाम काळं भरतात आणि मोकळ्या जागेत काहीच भरत नाहीत, कागद पांढरा सोडतात. मी जागेवर जाऊन मापं घेतली. दादांनी चहा पाजला, कशाची मापं ते विचारलंही नाही, महापालिकेचे लोक काहीतरी मोजतच असतात. परत येऊन शेडचा छोटा चौकोन काळा केला आणि बाकी सगळं पांढरं सोडलं. दोन मिनिटांचं काम. त्या वेळी आवारात अकराही दोऱ्या भरलेल्या होत्या, पण नकाशात चादरी दाखवायची काही खूण नाही.

नोटीस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा आमच्या कचेरीत आले. कडक इस्त्रीचा शर्ट, कागद घडी करून वरच्या खिशात. रेघताईंच्या टेबलापाशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मोकळी जागा म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं. "यात लिहिलंय की माझी जागा मोकळी आहे. मोकळी कधी असते ती? रोज भरलेली असते."

"छत नसलं की मोकळी धरतात, दादा."

"सगळ्या आवाराला छत घातलं तर चादर कशी वाळेल?"

रेघताईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

आकडा मी सांगत बसत नाही. लाँड्रीच्या वर्षभराच्या मिळकतीत एक हप्ता बसत नव्हता, एवढं पुरे. आणि मोकळ्या जागेला हप्ते होते तेही फक्त तीन. दादांनी हरकत घेतली. सुनावणीला ते, त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि इस्पितळाच्या मुख्य परिचारिकेनं दिलेलं एक पत्र. पत्रात लिहिलं होतं की या चादरी उन्हात वाळलेल्या असतात, रुग्णांना बऱ्या वाटतात, हे काम चालू राहावं. रेघताई आत बसू शकत नव्हत्या, नातं होतं. त्या बाहेर बाकावर बसल्या. नकाशा माझा म्हणून मी आत होतो.

दादा पाऊण तास बोलले. दुपारचा वारा कुठून येतो, ओली चादर किती जड असते, दोन दोऱ्यांत किती अंतर लागतं, सगळं. साहेबांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. उलट पुढच्या सुट्टीच्या दिवशी स्वतः आवारात गेले. मलाही नेलं. दोऱ्यांच्या मधून हिंडले. एक ओली चादर त्यांच्या तोंडावर फडकली तर हातानं बाजूला करून पुढे गेले, रागावले नाहीत. सगळं बघून झाल्यावर शेडच्या दारात दादांसमोर उभे राहिले.

"मला दिसतंय की ही जागा कुणी अडवून ठेवलेली नाही," ते म्हणाले. "पण माझ्याकडे रकाने तीन आहेत. राहतं घर, बांधीव व्यवसाय, मोकळी जागा. चौथा रकाना मला काढता येत नाही."

"मग कुणाला येतो?"

"वर."

"वर म्हणजे कुठं? मी जातो."

साहेबांनी त्यांना कचेरी सांगितली, अर्जाचा मसुदा स्वतःच्या हातानं लिहून दिला, आणि त्यांच्या अधिकारात होतं तेवढं केलं, म्हणजे पहिला हप्ता सहा महिने पुढं ढकलला. वहिनींनी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले. चहा घेतला असता तर बरं वाटलं असतं, असं वहिनी नंतर म्हणाल्या, निदान माणूस आपला वाटला असता.

वरून उत्तर यायला पाच महिने लागले. एका ओळीचं होतं. सदर नियमांत अशी तरतूद नाही. ते घ्यायला दादा आमच्या कचेरीत आले, आणि मी आणि रेघताई त्यांना सोडायला निघालो. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ते थांबले, कठड्याला धरून पायरीवर बसले. इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता बसले. रेघताई शेजारी बसल्या. मी दोन पायऱ्या खाली उभा होतो, पुढं जावं की मागं, सुचत नव्हतं.

"बारके," दादा म्हणाले, "त्या रविवारी मी तुला पत्र्यांचं विचारलं होतं. तेव्हा तुला हे माहीत होतं का गं?"

मला वाटलं, त्या नाही म्हणतील. मी त्यांच्या जागी असतो तर नाही म्हणालो असतो.

"होतं," रेघताई म्हणाल्या.

दादांनी मान हलवली. जिन्यातून कुणी वर आलं, आम्हाला ओलांडून गेलं. ते गेल्यावर दादा म्हणाले, "बॉयलर चांगला निघाला. थेंब गळत नाही."

मग उठले आणि कठडा धरून खाली उतरले. रेघताईंना ते एक शब्दही वाईट बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. बोलले असते तर सोपं गेलं असतं, असं त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही नियमानंच वागलात." मला तरी दुसरं काय सांगता येणार होतं?

पुढचं सगळं भराभर झालं. आवारात बिल्डर यायला लागले, त्यातला एक सभ्य होता, त्याला दादांनी जागा दिली. भाव चांगला आला. सुधार आकार त्यातूनच वळता झाला आणि वर पुष्कळ पैसे उरले. दादांना नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर घर मिळालं. वस्तीत सगळे म्हणायला लागले, लाँड्रीवाल्याला लॉटरी लागली. खानावळीचा मालक पाठीवर थाप मारून म्हणाला, "शेठ, आता आमच्या टेबलावर बसून जेवा, टेबलक्लॉथ दुसरा कुणीतरी धुवेल." दादा हसले. हसण्यावाचून काय करणार?

वहिनी रेघताईंना म्हणाल्या, "रडायचीसुद्धा चोरी झालीय बघा. बँकेत पैसे असताना रडणारी माणसं कुणाला बघवतात?"

चारही बायकांना दादांनी दोन-दोन वर्षांचा पगार हातात दिला. त्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं पैसे घेतले आणि विचारलं, "सोमवारपासून मी सकाळी कुठं जाऊ?" त्या बाई नंतर दोन सोमवार आल्या आणि बंद फाटकाबाहेर थोडा वेळ उभ्या राहून परत गेल्या, असं पलीकडच्या सुतारानं सांगितलं. सुताराची जागा बांधीव होती, तो हप्ते भरत राहिला, अजून भरतोय. इस्पितळाच्या चादरी शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात जायला लागल्या. तिथं यंत्रातच धुतात, यंत्रातच वाळवतात. बॉयलर कुणी विकत घेईना. नवाकोरा होता, पण एवढी भट्टी चालवणारं जवळपास दुसरं कुणी उरलं नव्हतं. तो भंगारात गेला.

त्या नव्या इमारतीचा एक नियम होता. गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, इमारतीची शोभा जाते. नियमांची यादी लिफ्टजवळ लावली होती आणि दादांनी ती पहिल्या दिवशी उभं राहून सगळी वाचली. घरात कपडे वाळवायचं यंत्र बसवून दिलेलं होतं. वहिनी सांगायच्या की दादा दुपारी खिडकीपाशी उभे राहतात आणि म्हणतात, "आज चांगला वारा सुटलाय." एवढंच म्हणतात आणि खिडकी लावून घेतात.

रेघताईंनी एक गोष्ट केली. त्यांनी आणि मी मिळून एक टिपण लिहिलं. उघड्यावर चालणारे धंदे, म्हणजे रोपवाटिका, कुंभारकाम, दगड घडवणारे, वाळवणारे, यांच्यासाठी नियमात वेगळा रकाना असावा आणि त्याचा दर व्यवसायाप्रमाणं असावा. साहेबांनी ते वाचलं, एका शब्दाची दुरुस्ती केली, 'शिफारस' लिहून वर पाठवलं. उत्तर आलं की सूचना स्तुत्य आहे, नियमांच्या पुढच्या फेरविचाराच्या वेळी विचारात घेतली जाईल. साहेबांची बदली झाली. फेरविचार कधी आहे ते विचारायला रेघताई दर सहा महिन्यांनी पत्र पाठवायच्या. उत्तरं यायची, वेळेवर यायची, आणि नीट टाइप केलेली असायची.

मेट्रो सुरू झाली. वेळेत झाली, हेही सांगायला हवं, आणि तिकीट खरंच कमी ठेवलं. साहेब खोटं बोलले नव्हते. रेघताईंचा दीड तासाचा प्रवास पस्तीस मिनिटांवर आला, आणि बसायला जागा मिळायला लागली. वर्षभरात पायांची सूज उतरली. डॉक्टरांनी विचारलं, काय औषध घेतलंत? त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जसं काही कुणाच्या घरातून काही उचलून आणलंय. मी म्हटलं, "अहो, पाय बरे झाले, त्यात तुमचा काय दोष?" त्या म्हणाल्या, "दोष नाही हो. पण ज्याचं गेलं त्याला मी सांगू कसं, की मला बरं वाटतंय?"

दादांकडे त्या जायच्या, महिन्यातून दोनदा. बोलायचे दोघं. वहिनीच्या गुडघ्याचं, महागाईचं, टीव्हीवरच्या बातम्यांचं. कुणी तिऱ्हाइतानं ऐकलं असतं तर म्हणाला असता, किती चांगलं जमतं बहीणभावाचं.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. एका सकाळी रेघताई नेहमीच्या गाडीत चढल्या आणि त्यांना डब्यात दादा दिसले. खिडकीशी बसलेले, मांडीवर दोन्ही हात. साठीवरच्यांना मेट्रो फुकट होती, सुधार आकाराच्या पैशातूनच ती सवलत दिलेली होती, म्हणून त्यांच्याकडे पास होता.

"दादा? तू इकडं कुठं? एवढ्या सकाळी?"

दादांनी सरकून जागा करून दिली. "या बाजूला बस, तिकडं ऊन येतं."

त्या बसल्या. "कुठं निघालायस?"

"कुठं नाही. शेवटच्या स्टेशनापर्यंत जातो आणि परत येतो."

"कशासाठी?"

"घरात बसून काय करू? इथं माणसं असतात. गाडी चांगली केलीय गं. धक्का म्हणून बसत नाही."

"रोज जातोस?"

"रोज नाही. बहुतेक." मग ते म्हणाले, "तुझ्या वहिनीला सांगू नकोस. तिला वाटतं मी बागेत फिरायला जातो."

रेघताईंना खूप काही बोलायचं होतं, असं त्या मला म्हणाल्या. किती वर्षांपासूनचं साठलेलं होतं. पण डबा भरलेला, समोर शाळेची मुलं उभी, आणि गाडी इतकी वेगात की दोन वाक्यं जुळवेपर्यंत एक स्टेशन येऊन जायचं. त्यांनी दादांच्या हातावर हात ठेवला. दादांनी तो तसाच राहू दिला आणि बाहेर बघत राहिले.

रेघताईंचं स्टेशन आलं.

"उतर," दादा म्हणाले. "उशीर होईल तुला."

त्या उतरल्या. दारं लागली. काचेतून दादांनी हात केला की नाही ते त्यांना दिसलं नाही, मध्ये माणसं होती. गाडी पुढं गेली.